नाव न घालता लिहिलेली वही

(किहीम, ता. अलिबाग इथे भरलेल्या महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

फळ्यावर विषय लिहिलाय, 'वंध्यत्व आणि स्त्रियांचं आरोग्य'. सकाळी खुर्च्या मांडताना आपल्यातल्याच एका कार्यकर्तीने मला हळूच विचारलं, "ताई, त्या वांझेच्या विषयावर तुम्हीच बोलणार ना?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. मी म्हटलं, हो गं, मीच बोलणार आणि मीच ती.

तर ते आधी सांगून टाकते. माझं वय सदतीस. लग्नाला अकरा वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. माझं सासर इथलंच, किहीमचं. नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे. मागच्या रांगेत आमच्या आळीतल्या चार-पाच जणी बसल्या आहेत, त्या मला इथून दिसताहेत. हेच भाषण मी परगावी दोनदा केलंय. तिथे काही वाटलं नाही. इथे उभी राहिल्यावर घसा कोरडा पडलाय, म्हणून मधे पाणी प्यायले तर समजून घ्या.

मी पेशाने समाजकार्यकर्ती. एम.एस.डब्ल्यू. केलंय. म्हणजे दुसऱ्याला बोलतं कसं करायचं याचं मी दोन वर्षं शिक्षण घेतलं, आणि आज मला पगार मिळतो तोही त्याचाच. आणि स्वतःच्या बाबतीत लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी एका माणसाजवळ तोंड उघडलं नाही. नवऱ्याशीसुद्धा मी फक्त तारखांबद्दल बोलायचे.

लोक वाईट वागले, असं मी म्हणणार नाही. लोक फार चांगलं वागले, त्रास त्याचाच झाला. आमच्या नात्यात एका डोहाळजेवणाला मी ओटीचं ताट घेऊन पुढे झाले. एका काकूंनी ते ताट माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे गं, तू दमली असशील. तू जरा पंगतीकडे बघ." किती प्रेमाने! त्या दिवशी मी साठ माणसांना वाढलं. तेव्हा नाही दमले. पुढच्या वेळी मला बोलावणंच आलं नाही, का तर "तिला उगीच वाईट वाटेल."

यावर माझ्यासारखीने कुठे जावं? मी बायकांच्या गटाकडे गेले, आपल्याकडेच आले. एका बैठकीनंतर मोठ्या धीराने एका ज्येष्ठ ताईंजवळ विषय काढला. त्या लगेच म्हणाल्या, "मूल नसलं म्हणून काय बिघडलं? बाई म्हणजे गर्भाशय नव्हे. तू स्वतः एक पूर्ण व्यक्ती आहेस." यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी स्वतः हे वाक्य दहा ठिकाणी दहा जणींना सांगितलंय. पण त्या दिवशी घरी जाताना मी एसटीत रडले. घरी मूल हवंय म्हणून अपराधी, आणि इथे मूल हवंसं वाटतंय म्हणून अपराधी! सासूला सांगायला तोंड नाही आणि चळवळीला सांगायलाही नाही.

हे मी कुणावर राग म्हणून सांगत नाही. पण आपण थोडं मागे वळून बघू या. चळवळ म्हणून आपण बाईच्या पोटाबद्दल पुष्कळ बोललो. लादलेल्या नसबंदीविरुद्ध बोललो. टोचून घ्यायच्या गर्भनिरोधकांविरुद्ध बायकांचे गट १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध लढलो आणि १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात करून घेतला. हे सगळं 'नको असताना लादलेलं' आणि 'मुलगी नको म्हणून पाडलेलं' याबद्दलचं. पण जिला हवंय आणि होत नाहीये, तिच्याबद्दल आपल्या ठरावांत ओळ सापडायची नाही. सरकारलाही ती नकोच होती. लोकसंख्या वाढतेय म्हणून ओरडणाऱ्या देशात मूल होत नाही म्हणून रडणारी बाई कुणाच्या तक्त्यात बसणार? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, तेव्हा कुठे कुटुंबनियोजन सोडूनही बाईच्या ओटीपोटात काही दुखतं हे मान्य झालं. यातली कितीतरी दुखणी बाळंतपणात किंवा गर्भपातात झालेल्या संसर्गाची असतात, आणि त्यातूनच पुढे नळ्या बंद होतात.

डॉक्टरी माहिती थोडक्यात देते, कारण आपल्याला गावात ती सांगावी लागते. वर्षभर नियमित संबंध ठेवून, काही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावं. दोघांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हे भोगावं लागतं. म्हणजे या सभागृहात मी एकटी नाही. माना खाली घालू नका, मी हात वर करायला सांगणार नाहीये. कारण बाईत असू शकतं, पुरुषात असू शकतं, दोघांतही असू शकतं, आणि कधी कधी सापडतच नाही. पुरुषाची पहिली तपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त. ना चिरफाड, ना भूल. आणि तीच सगळ्यात शेवटी होते. बाईच्या नळ्यांचा एक्स-रे होतो, सोनोग्राफ्या होतात, दुर्बिणीतून बघून होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, आता मिस्टरांनाही एकदा बघू.

किहीमला बसलो आहोत म्हणून एक आठवण. याच गावात राहून सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. ते लोंबतं सुरेख घरटं विणतो नर. मादी येऊन पसंत करते. आणि आपण नाव ठेवलं सुगरण! काम कुणाचं का असेना, नावावर बाईच्या. माझ्या मनात येतं, मुलाच्या बाबतीतही हेच आहे. फक्त तिथे नावावर दोष चढतो.

आता लाँचची गोष्ट. इथून मुंबईला उपचारासाठी जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पैसे वाचवायला मी मांडव्याऐवजी रेवसची लाँच धरायचे, भाऊच्या धक्क्यापर्यंत. रोज जाणं शक्य नसतं, म्हणून आठ-दहा दिवसांची इंजेक्शनं एकदम आणायची आणि इथे ओळखीच्या नर्सकडून टोचून घ्यायची. ती थंड ठेवावी लागतात. एकदा परतीच्या लाँचमध्ये बघते तर माझ्या थर्मासमधला बर्फ पार वितळलेला. हजारो रुपयांचं औषध त्यात. मी घाबरी झाले. समोर एक कोळीणबाई पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, मावशी, थोडा बर्फ आहे का? त्यांनी पाटीच्या तळातून मूठभर बर्फ काढला, लुगड्याला पुसला आणि थर्मासमध्ये टाकता टाकता आतल्या खोक्याकडे बघून विचारलं, "पोरासाठी काय गं?" सात वर्षांत पहिल्यांदा एका अनोळखी बाईला मी सरळ 'हो' म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सुनंचं पन तेच चाललंय. तू बोल तिच्यासंगं. घरात कोनाशी बोलत नाय ती."

सासूने सुनेसाठी मैत्रीण शोधली, तीही लाँचमध्ये, मासळीच्या बर्फावरून. आपल्या पथनाट्यांतली सासू मला त्या दिवसापासून जरा बदलावीशी वाटते.

तिची सून आणि मी दोघी भेटलो. मग सोनोग्राफीच्या रांगेत ओळख झालेली तिसरी आली. अशा आम्ही पाच झालो, आज नऊ आहोत. चोंढीला एकीचं शिलाईचं दुकान आहे. महिन्यातून एका दुपारी तिथे जमतो. शिलाईच्या दुकानात बाई का गेली असं कुणी विचारत नाही.

पहिल्या बैठकीत आम्ही काहीच बोललो नाही. खरंच सांगते. मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं, पण ब्लाउजच्या मापांपलीकडे गाडी जाईना. तेव्हा त्या सुनेनेच सुचवलं की बोलवत नसेल तर लिहू या. शंभर पानी वही घेतली. ती आठ-आठ दिवस एकेकीच्या घरी राहणार. जिला जे लिहावंसं वाटेल ते तिने लिहायचं, नाव घालायचं नाही. दुसरीच्या मजकुराखाली आपलं लिहिलं तरी चालेल. एकच अट आम्ही घातली, 'हे करून बघ' असं लिहायचं नाही. काढे, उपास, अमुक डॉक्टर, तमुक बाबा, काही नाही. सल्ले आम्हाला घरीदारी फुकट मिळतच होते.

ही कल्पना नवी आहे असं मी समजत होते. मग आठवलं, आपल्या महाराष्ट्रात ती जुनीच आहे. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालवलं. ते संततिनियमनाचे प्रचारक, म्हणजे माझ्या प्रश्नाच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभे. त्यांची सगळी मतं मला पटतात असंही नाही. पण त्यांना माणसं पत्रं लिहीत. जे आईला, नवऱ्याला, घरच्या डॉक्टरला विचारता येत नाही ते या परक्या माणसाला विचारत, आणि तो ते छापून उत्तर देई. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी कळे की असं होणारी मी एकटी नाही. वाचकांच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. दुखणं परक्याला सांगण्याचा हक्क कोर्टात जाऊन मागावा लागला, ही आपली परंपरा आहे.

वहीत काय काय आलं ते सांगते. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच सांगते, आणि ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.

एकीने लिहिलं होतं की नवऱ्याचा रिपोर्ट तिला कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडला. दोन वर्षांपूर्वीचा. दोष त्याच्यात होता, त्याला आणि त्याच्या आईला माहीत होतं. आणि ती त्या दोन वर्षांत पाच देवस्थानं अनवाणी करून आली होती. तिच्याखाली दुसरीने फक्त 'मी पण' एवढंच लिहिलं. आम्ही कुणी विचारलं नाही की तू कोण.

एकीला क्षयरोग निघाला, गर्भपिशवीचा. खोकला नाही, ताप नाही, फक्त मूल होत नाही. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि गावात ते कुणाला माहीत नसतं. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. रोग बरा होतो, मात्र बिघडलेल्या नळ्या पुन्हा उघडतीलच असं नाही. तिला हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. औषधाचा कोर्स संपला की मूल होणार, असं ती धरून बसली होती.

एकीला घरच्यांनी एका बाबाकडे नेलं होतं. त्याने खोलीत एकटीला बोलावलं. ती उठून बाहेर आली, आणि घरच्यांनी तिलाच बोल लावला. मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की अलौकिक शक्तीने मूल होईल असं सांगून मूल न होणाऱ्या बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना हे वेगळं लिहावंसं वाटलं, यावरून समजा हे किती ठिकाणी घडत असेल. नवस करायला माझी ना नाही. मीही कार्ल्याच्या एकवीरेला जाऊन आले आहे, सासूबाईंचा मान ठेवायला, आणि थोडं माझ्यासाठीही. पण देवीने मला खोलीत एकटीला बोलावलं नव्हतं.

आणि टोमणे. वहीतली निम्मी पानं टोमण्यांची आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम तीन वाचा. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून केलेला अपमान, चेष्टा ही त्यात नाव घेऊन हिंसा म्हटलेली आहे. अंगावर वळ असावा लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे याची तक्रार करता येते. मूल नाही म्हणून दुसरी आणणाऱ्यालाही सांगा, हिंदू विवाह कायद्यात मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण कुठेही नाही, आणि पहिली असताना दुसरी करणं आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यांनाही २०२१ चा कायदा लागू आहे. यश मिळण्याची शक्यता किती, खर्च किती, त्रास काय, हे आधी समजावून सांगणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नाही. दोन वेळा ते करून झालं, वाडीवर कर्ज झालं, आणि दुसऱ्या वेळी रिझल्ट निगेटिव्ह आल्याचं मला काउंटरवरच्या मुलीने पावती फाडता फाडता सांगितलं. मुंबईच्या केईएममध्ये ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून अशा पद्धतीने मूल जन्मलं तेव्हा ती वर्तमानपत्रांची मोठी बातमी झाली. जिचं होत नाही तिची बातमी कोण देणार?

आता वहीचं काय झालं ते. ती जळाली. आमच्यातल्या एकीने स्वतःच बंबात घातली. घरी अचानक नणंद राहायला आली, ही घाबरली. आम्ही सगळ्या फार चिडलो. सात महिन्यांचं लिहिणं होतं ते. ती म्हणाली, "त्यात माझं एकच पान होतं. पण तेवढं कुणी वाचलं असतं तर मला घर सोडावं लागलं असतं." तेव्हा मला कळलं की माझ्यासारख्या कमावत्या, शिकलेल्या बाईचं आणि तिचं धाडस एका मापाने मोजायचं नाही. दुसरी वही माझ्याकडे असते. ज्यांना घरी न्यायची भीती वाटते त्या दुकानात बसून लिहितात.

आणखी एक सांगायला हवं, ते जड आहे. आमच्यातल्या एकीला दिवस राहिले. आम्हाला आनंद झाला का? झाला. आणि त्या रात्री मी जेवले नाही. ती दोन महिने दुकानाकडे फिरकली नाही. तिला लाज वाटत होती, जणू तिने आमची काही चोरी केली. आम्हीही फोन केला नाही. मग वहीत कुणीतरी लिहिलं, 'मला तिचा हेवा वाटतो आणि ती मला हवीही आहे. दोन्ही खरं आहे.' त्याखाली सहा जणींनी खूण केली. मी तिला जाऊन भेटले. तिच्या डोहाळजेवणाला आम्हाला सगळ्यांना बोलावणं आलं. तिघी गेलो, बाकीच्या गेल्या नाहीत आणि त्यांना कुणी का म्हणून विचारलं नाही. तिने ओटीचं ताट आधी माझ्या हातात दिलं. तिच्या आईचा चेहरा उतरला, ते मी बघितलं. ओटी भरली. तिला मुलगी झाली. ती आता मधूनमधून येते, मुलीला मात्र आईकडे ठेवून येते. ते बरोबर की चूक, यावर आमच्यात अजून वाद आहे.

आपल्या कार्यकर्त्या मला नेहमी विचारतात, मग दत्तक का घेत नाही? सावित्रीबाईंनी नाही का घेतला? घेतला, १८७४ मध्ये. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला त्यांनी आसरा दिला, तिच्या यशवंतला आपला मुलगा केलं, शिकवून डॉक्टर केलं. तो त्यांच्या कामाचाच भाग होता. दत्तक हे माझ्या दुखण्यावरचं औषध म्हणून कुणी सुचवलं की मला त्या येणाऱ्या मुलाची काळजी वाटते. आम्ही दोघं त्यावर बोलतो आहोत. अजून ठरलेलं नाही. उपचार मात्र थांबवले. ते थांबवण्याचा निर्णयही घरात मी एकटीने घेतला नसता. वहीत आधी लिहिला, आठ दिवसांनी त्याखाली वाचलं, 'थांब. आम्ही आहोत,' आणि मग नवऱ्याला सांगितला. तो म्हणाला, मी वर्षभर हेच म्हणायला बघत होतो.

तुम्ही आपापल्या गावी जाल. बचतगटाच्या बैठकीत, आरोग्याच्या शिबिरात अशी एक तरी बाई असतेच, जी मुलांचे विषय निघाले की चहा करायला आत जाते. तिला माझं भाषण सांगू नका. तिच्याबरोबर आत जा, कप विसळा. नंतर तिला वाटलं तर ती बोलेल.

भाषण संपलं. प्रश्न दुपारी घेऊ. कोपऱ्यातल्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाशेजारी, मी एक कोरी वही ठेवली आहे. पेन दोरीने बांधलंय, कारण आपल्या शिबिरांत पेनं राहत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत ती तिथेच असेल. कुणी लिहितंय का हे बघायला मी तिकडे फिरकणार नाही. नाव घालू नका.